सुधारून वाढवलेली आवृत्ती

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात फेब्रुवारीच्या सुमारास हळदीची काढणी सुरू झाली, की ट्रॅक्टरच्या मागे जोडलेले, दोन किंवा चार टाक्यांचे, नळ्यांनी वेढलेले आणि काजळीने माखलेले एक लोखंडी यंत्र या शेतातून त्या शेतात फिरू लागते, आणि त्याच्या मागोमाग तंत्रज्ञानाच्या तत्त्वज्ञानातील एक जुना वादही बांधाबांधाने फिरू लागतो. यंत्राला शेतात ‘कुकर’ म्हणतात. वाद असा, की आधीपासून असलेली वस्तू घेऊन तिच्यात थोडाफार फेरफार करणाऱ्या माणसाला काही नवे केल्याचे श्रेय द्यावे, की केवळ मजुरी द्यावी. व्यवहारात मजुरीही हळद विकली जाईपर्यंत उधार राहते, हा भाग निराळा.

शास्त्रार्थाच्या जुन्या शिस्तीत प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे मांडतात आणि त्याला पूर्वपक्ष असे नाव आहे. या प्रश्नातील पूर्वपक्ष बहुधा चहाच्या टपरीवर बसलेला असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात ‘त्यात काय एवढं’ असे असून विस्ताराने ते असे आहे, की टाकी जुनी, नळी जुनी, वाफ तर पाणी उकळू लागल्यापासूनची, तेव्हा या तिन्हींना वेल्डिंगने एकत्र जोडणाऱ्याने जगात कोणतीही भर घातलेली नाही. या पक्षाचे एक लक्षण अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे: वस्तू तयार होण्यापूर्वी तो ‘हे होणे नाही’ असे म्हणतो आणि तयार झाल्यानंतर ‘हे तर कुणीही केले असते’ असे म्हणतो, आणि या दोन विधानांच्या मध्ये त्याचा चहाही थंड होत नाही. उत्तरपक्ष, म्हणजे ज्याने या आक्षेपाला उत्तर द्यायचे तो, रस्त्यापलीकडच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात डोळ्यांपुढे काळी काच धरून बसलेला असल्यामुळे वादात सहसा भाग घेत नाही.

वादाचा निवाडा करण्यापूर्वी वादाची वस्तू जवळून पाहणे आवश्यक आहे. हळदीचे पीक सुमारे नऊ महिन्यांचे. पाला कापून कंद खणून काढले, की त्यातून जेठा गड्डा म्हणजे मधला मुख्य कंद आणि त्याला बोटांसारखी फुटलेली हळकुंडे वेगळी केली जातात, आणि ही ओली हळकुंडे शिजवून, वाळवून, घासून चकचकीत केल्याशिवाय बाजारात त्यांना कोणी विचारत नाही. शिजवण्याची जुनी रीत काहिलीची होती. काहील म्हणजे गुळासाठी वापरतात तशी पसरट, प्रचंड लोखंडी कढई. तिच्यात हळकुंडे भरायची, ती बुडून वर चार बोटे राहील इतके पाणी घालायचे, वरून हळदीचाच पाला आणि गोणपाट झाकायचे आणि खाली जाळ करून अडीच-तीन तास वाट पाहायची, हा त्या रीतीचा सारांश होय. शिजली की नाही हे ठरवण्यासाठी खराट्याची काडी हळकुंडात टोचून पाहत. काडी सहज आरपार गेली तर शिजली, वाकली तर आणखी जाळ. तळाची हळद गाळ होई, वरची कच्ची राही आणि मधली तेवढी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे शिजे. शिजलेला माल उकळत्या पाण्यातून उपसून काढणाऱ्यांच्या हातांचे वर्णन कोणत्याही पुस्तकात आढळत नाही.

पहिली सुधारणा अगदीच साधी होती. कोणीतरी काहिलीतच भोके पाडलेली पिंपे ठेवली, म्हणजे माल पिंपात आणि पाणी काहिलीत अशी व्यवस्था झाली. एक पिंप शिजले की बाहेर ओढायचे, दुसरे आत सोडायचे, आणि पाणी मात्र तेच, आधीच तापलेले. अडीच-तीन तासांचे काम अर्ध्या तासावर आले. दुसऱ्या सुधारणेत पाणी आणि हळद यांची पूर्ण फारकत करण्यात आली: एका बंद टाकीत पाणी उकळायचे आणि त्याची वाफ नळीने हळदीच्या टाक्यांत तळापासून सोडायची. एका टाकीतली हळद शिजत असताना दुसरी भरली जाते, शिजलेली टाकी आडवी करून ओतली जाते, आणि उकळत्या पाण्यात हात घालण्याचा प्रसंगच येत नाही. तिसऱ्या सुधारणेने या साऱ्या संसाराला चाके लावली, त्यामुळे हळद शिजवायला नेण्याऐवजी चूल हळदीकडे येऊ लागली. काडी मात्र आजही टोचून पाहतात, कारण तिच्यात सुधारणेला वाव सापडलेला नाही.

पॉलिशची कथाही याच वळणाची आहे. वाळलेली हळकुंडे खरखरीत असतात; पूर्वी ती हातापायांना गोणपाट गुंडाळून दगडावर घासत. मग डांबराच्या किंवा तेलाच्या पिंपाला जाळी बसवून, त्यातून आस घालून, दोन्ही टोकांना हँडल लावले आणि माणसांनी ते फिरवायला सुरुवात केली. मग माणसांच्या जागी विजेची मोटार आली. आणि वीज वेळेवर येत नाही हे ध्यानात आल्यावर मोटारीच्या जागी ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीमागचा फिरता दांडा, जोडण्यात आला. या प्रत्येक पायरीवर पूर्वपक्षाने ‘त्यात काय एवढं’ म्हटले असणार, आणि प्रत्येक वेळी ते शब्दशः खरेही असणार. अडचण एवढीच आहे, की ‘त्यात काय एवढं’ ची बेरीज केली असता एका टोकाला दगडावर हळद घासणारी बाई आणि दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टरवर बसून मोबाइल पाहणारा तरुण अशी दोन चित्रे उरतात, आणि त्यांच्यातील अंतर नेमके कोणत्या वेल्डिंगने ओलांडले गेले हे कोणालाही दाखवता येत नाही.

वाफेचाच विषय निघाला असता पूर्वपक्षाने जेम्स वॅटचे नाव घेण्याचा मोह टाळलेला बरा, कारण वाफेचे इंजिन वॅटने शोधले ही शालेय समजूत या वादात उत्तरपक्षाच्याच उपयोगी पडते. थॉमस न्यूकोमेनचे इंजिन 1712 पासून इंग्लंडातील खाणींतले पाणी उपसत होते. त्याची एक छोटी प्रतिकृती ग्लासगो विद्यापीठात नादुरुस्त पडली होती, आणि ती 1763 च्या सुमारास वॅटकडे दुरुस्तीला आली. म्हणजे आधुनिक उद्योगयुगाचा हा जनक मुळात रिपेअरिंगच्या कामावर होता. त्या इंजिनात वाफ ज्या नळकांड्यात भरायची तेच पाणी शिंपडून थंड करायचे आणि पुन्हा तापवायचे असा उफराटा प्रकार चाले, त्यामुळे कोळशाचा बराच भाग केवळ लोखंड पुन्हा गरम करण्यात खर्ची पडे. वॅटने थंड करण्यासाठी वेगळे भांडे जोडले आणि 1769 मध्ये त्याचे पेटंट, म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत ती युक्ती इतरांनी वापरू नये असा सरकारी हक्क, मिळवले. कळमनुरीच्या कुकरात पाण्याची टाकी निराळी आणि हळदीची निराळी करणे ही युक्ती त्याच घराण्यातील आहे, फक्त तिला ना पेटंट आहे ना पुतळा. वॅटचे पुढचे वर्तन तर या विषयाच्या अभ्यासकाला अधिकच बोधप्रद वाटेल. दुसऱ्याच्या इंजिनात सुधारणा करून नाव कमावलेल्या या गृहस्थाने पार्लमेंटच्या कायद्याने आपला हक्क 1800 पर्यंत वाढवून घेतला, आणि त्या काळात त्याच्या इंजिनात सुधारणा करू पाहणाऱ्यांना कोर्टाची पायरी चढायला लावली. सुधारणा आपण केली तर तो नवोन्मेष आणि आपल्या वस्तूत दुसऱ्याने केली तर ती चोरी, हा नियम कोणत्याही ग्रंथात लिहिलेला नसून सर्वत्र पाळला जातो.

नवोन्मेष हा शब्द येथे आलाच आहे, तर त्याचा अर्थ सांगणे भाग आहे. ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुंपीटर याने 1911 च्या आपल्या ग्रंथात आर्थिक विकासाचे मूळ ‘नव्या संयोगां’त, म्हणजे उपलब्ध वस्तू आणि साधने पूर्वी जोडली नव्हती अशा रीतीने जोडण्यात आहे, असे प्रतिपादन केले, केवळ शोध लागणे आणि तो व्यवहारात उतरणे या दोन गोष्टी त्याने निराळ्या मानल्या आणि दुसरीला नवोन्मेष म्हटले. या व्याख्येप्रमाणे फॅब्रिकेशनचे दुकान सरळ सरळ पात्र ठरते. परंतु शुंपीटर भारतीय पेटंट कार्यालयात नोकरीला नव्हता. भारतीय पेटंट कायदा, 1970 याच्या तिसऱ्या कलमात कोणकोणत्या गोष्टींना शोध म्हणू नये याची एक यादी दिलेली असून, तीत ज्ञात उपकरणांची केवळ मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती, ज्यात प्रत्येक उपकरण स्वतंत्रपणे आपल्या नेहमीच्याच रीतीने काम करते, ती शोध नव्हे असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच यादीत शेतीची किंवा बागायतीची पद्धत हीसुद्धा शोध नव्हे असे एक उपकलम आहे. ज्या देशात कोट्यवधी लोक शेती करतात त्या देशात शेतीच्या पद्धतीला शोध न मानण्यामागे शेतकऱ्याला शेजाऱ्याचे पाहून पेरण्याचा हक्क राहावा असा सद्हेतू आहे, आणि तो योग्यच आहे; तरीही कळमनुरीच्या शेतकऱ्याने कायद्याच्या नजरेत काहीही नवे करायचे असेल तर त्याला प्रथम शेती सोडावी लागेल, ही त्यातील गंमत लपत नाही.

याच कायद्यात ‘शोधाची पायरी’ ठरवण्याची एक कसोटी आहे: त्या विषयात निष्णात असलेल्या व्यक्तीला जी गोष्ट उघड वाटणार नाही, तीच शोध. कायद्याने कल्पिलेली ही निष्णात व्यक्ती शहरी वकिलांना फार कष्टाने उभी करावी लागते. कळमनुरीत मात्र ती प्रत्येक टपरीवर उपलब्ध असून, कोणतीही गोष्ट झाल्यानंतर ती उघडच होती असे सांगायला ती सदैव तयार असते. या व्यक्तीची साक्ष ग्राह्य धरली तर जगात आजवर एकही शोध लागलेला नाही असे सिद्ध करणे अवघड जाऊ नये.

मात्र कायद्याची ही कठोरता सर्वस्वी चेष्टेचा विषय नव्हे, हे मान्य केले पाहिजे. तिसऱ्या कलमातील ‘ड’ या उपकलमाप्रमाणे ज्ञात पदार्थाचे नुसते नवे रूप, त्याची परिणामकारकता वाढत नसेल तर, पेटंटला पात्र ठरत नाही. नोव्हार्टिस या स्विस कंपनीने रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाच्या स्फटिकरूपासाठी पेटंट मागितले, तेव्हा हे रूप शरीरात सुमारे तीस टक्के अधिक शोषले जाते असा तिचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी तो फेटाळला, कारण अधिक शोषले जाणे आणि रोगावर अधिक गुण येणे या दोन गोष्टी एक नव्हेत. म्हणजे सुधारणा आहे, हे मान्य. पण रोग्याला त्याने काय मिळाले, हा प्रश्न न्यायालयाने विचारला. हा प्रश्न टपरीवरच्या प्रश्नापेक्षा कितीतरी सरस आहे, आणि कुकरला तो लावला असता कुकर ताठ मानेने उत्तर देऊ शकतो: अडीच तासांचा जाळ वाचला आणि हात भाजायचे थांबले. वस्तूत किती टक्के नवेपण आहे हे मोजत बसण्यापेक्षा तिच्यामुळे कोणाचे कोणते कष्ट नाहीसे झाले हे मोजणे सोपे असते, आणि मोजणाऱ्याने पूर्वी एकदा तरी काहिलीपाशी उभे राहिलेले असावे एवढीच त्याला पात्रता लागते.

हळदीपुरते बोलायचे तर तिने या वादाची दुसरी बाजूही जगाला दाखवून दिली आहे. जखमेवर हळद लावल्याने ती भरून येते, या गोष्टीसाठी अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील संशोधकांना 1995 मध्ये तेथील पेटंट मिळाले. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशात एखादी गोष्ट केवळ माहीत असणे किंवा वापरात असणे पुरेसे नव्हते, ती छापलेली असावी लागे. त्यामुळे भारतातील समस्त आज्यांचे ज्ञान, चुलीजवळच्या डब्यासह, पुरावा म्हणून निरुपयोगी ठरले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने संस्कृत ग्रंथ आणि 1953 मधील भारतीय वैद्यकीय संघाच्या नियतकालिकातील निबंध धरून बत्तीस संदर्भ गोळा केले, आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले. येथे ‘त्यात काय एवढं’ हे वाक्य इतिहासात प्रथमच बत्तीस संदर्भांसह, इंग्रजीत आणि सरकारी खर्चाने उच्चारले गेले, आणि ते सर्वस्वी बरोबर होते. पूर्वपक्षाला त्याच्या हक्काचा विजय देण्यात उत्तरपक्षाने कंजुषी करू नये.

महाराष्ट्राच्या उद्योगाचा इतिहास तर सुधारणेच्याच पायावर उभा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात परदेशी नांगराच्या धर्तीवर लोखंडी नांगर बनवला, तेव्हा तो विकला जाईना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकऱ्यांचे मत होते. म्हणजे नवे नाही म्हणून नाकारणारे आणि नवे आहे म्हणून नाकारणारे असे दोन वर्ग असतात, आणि नांगर बनवणाऱ्याला दोघांनाही पुरून उरावे लागते.

दादाजी खोब्रागडे यांचे उदाहरण याहून बारकाईने पाहण्यासारखे आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावच्या (हे नांदेड कळमनुरीच्या शेजारचे नव्हे) या अल्पभूधारक शेतकऱ्याला 1983 मध्ये आपल्या ‘पटेल-3’ या भाताच्या पिकात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्याने त्या वेगळ्या ठेवल्या, वर्षानुवर्षे निवडून पेरल्या आणि बारीक दाण्याचा, चवदार वाण तयार केला, ज्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ असे नाव पडले. पुढे कृषी विद्यापीठाने हेच बियाणे शुद्ध करून ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने प्रसारित केले. म्हणजे निसर्गाने केलेला बदल शेतकऱ्याने निवडला, शेतकऱ्याने निवडलेले विद्यापीठाने शुद्ध केले, आणि श्रेयाच्या रांगेत शुद्ध करणारा पुढे आणि निवडणारा मागे उभा राहिला. येथे वाण तोच असून त्याला मिळालेल्या दोन दर्जांतील फरक नावाला जोडलेल्या तीन अक्षरांचा आहे. दादाजींना 2005 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला आणि 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या तांदळाला त्यांनी जन्म दिला तो खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना एचएमटी ही घड्याळाची कंपनी आहे एवढेच ठाऊक असते.

कळमनुरी तालुक्यात तर सुधारणा हा एका संस्थेचा नेमून दिलेला उद्योगच आहे. तालुक्यातील तोंडापूर येथे जिल्ह्याचे कृषि विज्ञान केंद्र असून, देशभरच्या अशा केंद्रांकडे प्रयोगशाळेतून आलेले तंत्रज्ञान प्रत्यक्ष शेतावर तपासणे, गरजेप्रमाणे त्यात फेरफार सुचवणे आणि त्याची प्रात्यक्षिके करणे ही कामे सोपवलेली आहेत. या कामाला ‘शेतावरील चाचणी’ असे नाव आहे. चाचणीत शास्त्रज्ञ शिफारस सांगतो, शेतकरी ती ऐकून घेतो आणि मग आपल्याला योग्य वाटेल तशी बदलून वापरतो. पुढील वर्षी शास्त्रज्ञ त्या बदलाची नोंद घेतो, आणि मूळ शिफारस कोणाची व बदल कोणाचा हे तिसऱ्या वर्षी दोघांनाही नक्की सांगता येत नाही. ही पद्धत सदोष आहे असे कोणी म्हणू नये. ज्ञान अशाच पद्धतीने वाढते. फक्त अहवालात ते एकाच बाजूने वाढल्यासारखे दिसते.

यावरही ज्या वाचकाचा आग्रह असेल, की खरा नवोन्मेष हा कोऱ्या कागदावरच व्हावा लागतो, त्याने त्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्याकडे वळावे. तेथे दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. अतिशय दूर अंतरावर दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशात जो सूक्ष्म थरकाप पसरतो, तो टिपणे हे तिचे काम. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. मानवी बुद्धीची ही परमावधी मानली जाते, आणि ती आहेच. पण तिच्या मुळाशी अल्बर्ट मायकेलसन याने 1881 मध्ये बनवलेले यंत्र आहे. प्रकाशाचा एक किरण दुभंगून काटकोनात दोन वाटांनी पाठवायचा, आरशांवरून परत आणायचा आणि दोन्ही भाग एकमेकांत मिसळले असता काही फरक पडला का ते पाहायचे, ही त्याची सारी युक्ती. या यंत्राच्या सुधारित आवृत्तीने 1887 मध्ये केलेला सर्वांत गाजलेला प्रयोग काहीही न सापडल्यामुळे गाजला. पुढील शतकभर लोकांनी त्याच्या भुजा लांबवल्या, आरसे घासले, हवा काढून टाकली, आरसे टांगण्याच्या तऱ्हा बदलल्या. अमेरिकेतील लायगोच्या भुजा चार-चार किलोमीटरच्या झाल्या, आणि 2002 ते 2010 या काळात तिलाही काहीच सापडले नाही. मग ती बंद करून पुन्हा सुधारली, आणि सुधारलेली सुरू होते न होते तोच 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली लहर टिपली गेली. 2017 चे नोबेल पारितोषिक त्यासाठी देण्यात आले. प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल हे यंत्र ओळखते. दुधाळ्याची वेधशाळा याच रचनेची आवृत्ती असणार आहे. म्हणजे हिंगोली जिल्ह्यातील सर्वांत महाग वस्तू आणि कुकर या दोहोंचा धर्म एकच आहे: जुने घ्या, भुजा वाढवा, गळती थांबवा. टपरीवरच्या पूर्वपक्षाला हे यंत्र दाखवले, तर ‘दोन नळ्या आणि चार आरसे’ असे त्याचे वर्णन तो करील आणि ते फारसे चुकणार नाही.

येथवर उत्तरपक्षाची सरशी झाली असे वाटत असेल, तर त्याला जमिनीवर आणण्यासाठी ऑटो स्विच पुरेसा आहे. शेतीपंपांना थ्री-फेज वीज बऱ्याच ठिकाणी आळीपाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्री दोनला वीज आली तर दोनला उठून, सापकिरडूची भीती बाळगत विहिरीवर जाऊन पंप सुरू करावा लागे. कोणीतरी स्टार्टरला एक छोटी पेटी जोडली, ज्यामुळे वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. सुधारणा इतकी सोयीची, स्वस्त आणि माणुसकीची होती, की ती शिवारातील प्रत्येक स्टार्टरला लागली. परंतु सुरू होतानाच्या क्षणी मोटार नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते, आणि पूर्वी शेतकरी आपापल्या झोपेप्रमाणे पुढे-मागे उठत असल्यामुळे हा भार वाटला जात असे. आता वीज येताक्षणी पन्नास पंप एकदमच ओढू लागल्यावर डीपी, म्हणजे त्या भागातील रोहित्र, जळते. मग डीपी बदलून येईपर्यंत सर्वांचे पंप बंद, आणि सर्वांचे ऑटो स्विच मात्र ठणठणीत. वीज कंपनी ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असे सांगत असते, आणि ते ऐकून प्रत्येक जण शेजाऱ्याने आधी काढावा म्हणून थांबून राहतो. एकट्याने केली तर उत्तम आणि सर्वांनी केली तर आपत्ती, अशी सुधारणेची ही जात शुंपीटरच्या ग्रंथात वा पेटंट कायद्यात कोठेही सापडत नाही. तिची नोंद डीपीच्या जळक्या तेलाच्या वासात होते. त्यावरची सुधारणाही निघाली आहेच: स्टार्टरमध्ये सिमकार्ड घालून घरबसल्या फोनने पंप सुरू करायचा. त्यामुळे आता पंपाचा स्वतःचा मोबाइल नंबर असतो आणि तो घरातील काही नातेवाइकांपेक्षा अधिक वेळा लावला जातो.

याखेरीज काही फेरफार असे असतात, ज्यांना सुधारणा म्हणणेही अतिशयोक्तीचे ठरेल: मागच्याच मोबाइलला एक कॅमेरा जास्त, मिक्सरला आणखी एक भांडे, जुन्या योजनेला नवे नाव. त्यांच्यावर शाई खर्च करण्याचे कारण नाही. त्यांच्यामुळे कोणाचे काही सुकर होत नाही, फक्त जुने टाकून द्यावेसे वाटू लागते.

राहता राहिला शासनाचा निर्णय, आणि तो कोणत्याही तत्त्वज्ञापेक्षा ठाम आहे. कृषी यंत्रांसाठी अनुदान हवे असेल तर महाडीबीटी या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, निवड व्हावी लागते, आणि घ्यायचे यंत्र मान्यताप्राप्त संस्थेने तपासून दाखला दिलेले असावे लागते. तपासणी ज्या यंत्राची झाली त्याहून चाळणीची भोके मोठी केली, नळी खालून वर घेतली किंवा टाकीचा पत्रा जाड केला, तर ते तपासलेले यंत्र राहत नाही. यातून एक अपूर्व स्थिती निर्माण होते. तोच कुकर पेटंट कार्यालयाच्या दृष्टीने ज्ञात वस्तूंची फेरमांडणी असल्यामुळे नवा नाही, आणि अनुदानाच्या दृष्टीने मूळ नमुन्याहून वेगळा असल्यामुळे जुना नाही; नवेपणाचा लाभ त्याला मिळत नाही आणि जुनेपणाचाही नाही. परिणामी अनुदानाची गरज असलेला शेतकरी दाखला असलेले यंत्र रीतसर विकत घेतो, एक हंगाम चालवतो, आणि पुढच्या जानेवारीत ते ट्रॅक्टरला जोडून त्याच फॅब्रिकेशनच्या दुकानापुढे आणून उभे करतो, जिथे काळी काच धरलेला माणूस त्याच्याभोवती एक फेरी मारतो आणि नळी कोठून कापायची ते खडूने आखू लागतो.